गेंड्याच्या सुरकुत्या आणि फुटणारी शाई : माझा अनुभव

"रेघा नीट वाळू द्या आणि मगच रंग भरा." शाई आणि जलरंगांबद्दल जिथे जिथे वाचलं, तिथे हे वाक्य भेटलं. नीट म्हणजे किती वेळ, वाळलं हे ओळखायचं कसं, आणि वाळूनही ओल्या ब्रशने रेघ फुटलीच, म्हणजे शाई पसरलीच, तर दोष कुठे शोधायचा, हे मात्र कुठेच सापडलं नाही. माझा सव्वा महिना आणि चार गेंडे या एका वाक्यापायी गेले. अजूनही आठवलं की राग येतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मला प्राण्यांची गमतीदार चित्रं करायची होती. छत्री घेतलेला गेंडा, चष्मा लावलेलं घुबड, मफलर गुंडाळलेला जिराफ, उशी काखोटीला मारून झोपायला निघालेलं अस्वल. अशा चित्रांत मी एक गोष्ट कटाक्षाने पाळते: प्राणी अगदी खरा हवा, वस्तू एकच हवी, आणि प्राण्याने ती मनापासून वापरलेली हवी. गेंडा छत्रीकडे पाहत नाही, तो पाऊस किती आहे ते पाहतो. हसणारा गेंडा काढला की गंमत तिथेच संपते.

गेंडा आधी घेतला, कारण त्याची कातडी म्हणजे रेघांची मेजवानी. मानेखालच्या वळ्या, खांद्यावरची घडी, गुडघ्यावरच्या सुरकुत्या. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ साली गेंड्याचं प्रसिद्ध लाकूडठसा-चित्र केलं तेव्हा त्याने तो प्राणी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. कुणीतरी पाठवलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याने कातडीला चिलखताचे पत्रे केले आणि पाठीवर एक जादाचं छोटं शिंगही दिलं. तो गेंडा चुकीचा आहे, पण त्याच्या वजनाबद्दल शंका येत नाही. मला तसं वजन हवं होतं, आणि ते शाईच्या रेघेशिवाय येत नाही.

पेन्सिलीचं रेखाटन, कागद फळीवर चिकटवणं, रंग काढून ठेवणं हे सगळं सुरळीत झालं.

पहिला गेंडा गेला तो साध्या फाउंटन पेनच्या शाईमुळे. ही चूक लगेच कळली. या शाया बहुतेक पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या असतात, त्यामुळे राखाडी रंगाचा ब्रश फिरताच वळ्या वाहून पोटाखाली गेल्या. त्यावर फार वेळ घालवला नाही. पाण्याने न जाणारी काळी शाई आणली, टाक आणि निब घेतली आणि दुसरा गेंडा काढला.

तोही फुटला.

इथून खरा त्रास सुरू झाला, कारण बाटलीवर स्वच्छ लिहिलं होतं की ही शाई पाण्याने जात नाही. मी दहा मिनिटं थांबले होते. बोट लावून पाहिलं होतं, बोटाला काही लागलं नव्हतं. तिसऱ्या वेळी रेघा काढून केस वाळवायच्या यंत्राने पाच मिनिटं गरम हवा मारली. यावेळी बारीक रेघा टिकल्या, पण जिथे दोन वळ्या एकमेकींना मिळतात तिथे ब्रश लागताच काळा ढग उठला. गरम हवेने शाईच्या थेंबाला वरून साय धरते आणि आत तो ओलाच राहतो. ब्रशने साय मोडली की आतली शाई बाहेर येते. तेव्हापासून शाईच्या रेघेवर गरम हवा मारणं मी कायमचं सोडलं.

चौथ्या गेंड्याला पूर्ण एक दिवस दिला. चोवीस तास! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या कानापाशी, मानेच्या पहिल्या वळीपाशी आणि शेपटीच्या मुळाशी रेघ पुन्हा विरघळली. बाकी सगळीकडे ती दगडासारखी घट्ट होती. त्या दिवशी मी ब्रश धुऊन ठेवला आणि चार दिवस टेबलाकडे फिरकले नाही.

परत आले ते चिडूनच, पण यावेळी चित्र न काढता पट्ट्या केल्या. त्याच कागदाचे तुकडे, त्याच शाईच्या रेघा, आणि ओला ब्रश फिरवायच्या वेळा ठरलेल्या: १० मिनिटं, ३० मिनिटं, १ तास, ३ तास आणि दुसरा दिवस. माझ्या शाईची बारीक रेघ ३० मिनिटांत पक्की झाली. जाड रेघेने १ तासानंतरही फिकट राखाडी सावली सोडली, ३ तासांनी अगदी पुसट, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. म्हणजे शाई चांगली होती. बाटलीवर लिहिलेलं खरं होतं. मग चौथा गेंडा चोवीस तासांनी का फुटला?

उत्तर कागदावरच होतं, मला ते दिसायला उशीर झाला. भिंग घेऊन फुटलेल्या जागा पाहिल्या तर त्या सगळ्या रेघेच्या सुरुवातीच्या होत्या. शेवटाकडे एकही नव्हती. आणि त्या सुरुवातींचा काळा बाकीपेक्षा किंचित उतरलेला होता, पातळ चहासारखा करडा. चित्र काढताना निबवर शाई सुकून बसते म्हणून मी दर आठ-दहा रेघांनी निब पाण्यात बुडवून हलवत होते, आणि तशीच ओली निब पुन्हा शाईत घालत होते. निबच्या मधल्या भोकात पाण्याचा एक थेंब अडकून राहतो. पुढची पहिली रेघ त्या पाण्यासकट उतरते. पट्ट्यांवर मी निब धुतलीच नव्हती, म्हणून तिथे सगळं पक्कं दिसत होतं.

अशा शाईत काजळीचे बारीक कण असतात आणि त्यांना कागदाला धरून ठेवायला बहुधा लाख असते. पाणी उडून गेलं की लाखेचा पातळ थर राहतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. जलरंगात लाखेच्या जागी डिंक असतो, म्हणून वाळलेला जलरंग पाणी लागलं की पुन्हा उठतो. शाईत जास्तीचं पाणी शिरलं की लाख विरळ होते, कण नीट बांधले जात नाहीत, आणि मग कितीही थांबा, त्या जागी काजळी मोकळीच राहते. खात्री करायला मी पाच रेघा ओल्या निबने आणि पाच पुसलेल्या निबने काढल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाचांतल्या चार फुटल्या, दुसऱ्या पाचांतली एकही नाही. मी खुर्चीतून उठून मोठ्याने "सापडलं!" म्हणाले. घरात कुणी नव्हतं, तरी म्हणाले.

तर निब धुतली की सुती फडक्याने पुसायची, फडक्याचा कोपरा भोकावर दाबायचा, आणि मगच शाईत घालायची. एवढंच होतं ते.

फुटण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. रेघ काढतानाच शाई कोळ्यासारखे पाय पसरत असेल तर दोष कागदाचा. जलरंगाच्या कागदाला सरसासारख्या द्रव्याचं पाणी दिलेलं असतं, त्यामुळे ओल लगेच आत शोषली जात नाही. खोडरबराने घासून घासून तो थर गेला किंवा कागद दमट जागी पडून राहिला की शाई धाग्याधाग्यात शिरते. त्यामुळे रेखाटन दुसऱ्या साध्या कागदावर हवं तेवढं खोडा आणि शेवटची आकृतीच चांगल्या कागदावर उतरवा. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा घ्या, पातळ कागद ओला झाला की पापडासारखा वळतो. निबने काम करायचं असेल तर गुळगुळीत पोताचा बरा, खरखरीत कागदात निबचं टोक अडकतं आणि शाईचे शिंतोडे उडतात.

हे आधी सांगायला हवं होतं: नवीन निबला कारखान्यातून तेलाचा हलका थर येतो, त्यावर शाई थेंब-थेंब होऊन घसरते. साबणाने धुवा, पुसा. आणि लाखेची शाई फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका, पेन कायमचं तुंबतं.

पाचव्या गेंड्याच्या रेघा दुसऱ्या दिवशी हलल्या नाहीत. राखाडीसाठी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळला. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि गेंड्याच्या कातडीसारखा खरबरीत पोत आपोआप येतो. ब्रश घासायचा नाही, रंग ठेवायचा आणि पुढे न्यायचा. जलरंग वाळला की फिकट होतो, तेव्हा ओला असताना जरा गडद वाटला तरी घाबरू नका.

रंगीत शाया मी छत्रीसाठी राखून ठेवल्या होत्या, आणि इथे मात्र फुटणं हेच हवं असतं. छत्रीवर स्वच्छ पाणी पसरलं, कागदाची चकाकी जराशी उतरू लागली तेव्हा किरमिजी शाईचा एक थेंब निबनेच टेकवला. तो हळूहळू उमलला, कडेला पिसांसारखे दाते आले. शेजारी पिवळ्याचा थेंब ठेवला, दोघांच्या मधे नारंगी तयार झाला. कागद चकाकत असेल तर थेंब वाहून जातो, चकाकी पूर्ण गेली असेल तर कडा फुलकोबीसारखी फाटते. मधला तो अर्धा मिनिट पकडायचा. कागद वाळला की नाही हे पाहायला हाताची पालथी बाजू टेकवा. गार लागला तर आत ओल आहे.

रंगीत शायांतही दोन जाती आहेत. विरघळलेल्या रंगाच्या शाया काचेसारख्या पारदर्शक आणि अतिशय चमकदार असतात, पण कागदात मुरतात, ओल्या ब्रशने पूर्ण उचलून काढता येत नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच उजेडाने विटतात. कणांच्या ॲक्रिलिक शाया वाळल्यावर पाण्याने जात नाहीत आणि सहसा जास्त टिकतात, पण ब्रशमध्ये सुकल्या तर ब्रश गेला. शिवाय त्यांच्या जाड थरावर जलरंग बसत नाही, थेंब-थेंब होतो. जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा रसेल आणि ॲब्नी या शास्त्रज्ञांचा अहवाल १८८८ सालीच इंग्लंडमध्ये आला होता, तरी आजही बाटलीवर टिकाऊपणाची खूण शोधावी लागते. माझ्या घुबडाचा जांभळा चष्मा खिडकीसमोर दोन महिन्यांत धुवट निळा झाला. मूळ चित्र भिंतीवर लावायचं असेल तर शाईची पट्टी करून अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका, खिडकीत ठेवा आणि दोन्ही अर्ध्यांची तुलना करा. फक्त छापायचं असेल तर चित्र लगेच स्कॅन करा आणि मनसोक्त चमकदार शाया वापरा.

गेंड्याच्या मिशांसारखे दोन केस आणि छत्रीच्या काड्या पांढऱ्या सोडायला मी मास्किंग फ्लुइड, म्हणजे रंग अडवणारं आणि नंतर सोलून काढायचं रबरासारखं द्रव, लावलं होतं. त्यासाठीचा ब्रश जुनाच घ्या आणि आधी साबणात बुडवा. रंग पूर्ण वाळल्याशिवाय ते सोलू नका, कागदाची साल निघते.

सगळ्यात शेवटी डोळा. काळ्या डोळ्यात पांढऱ्या शाईचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, छत्रीच्या बाजूला नाही, आकाशाच्या बाजूला. तो ठिपका पडला आणि गेंडा पाऊस बघू लागला.

जिराफाच्या रेघा काल काढून झाल्या, पुसलेल्या निबने. मफलरसाठी केशरी शाई निवडली आहे, पण तिची पट्टी अजून खिडकीत आहे. ती काढून पाहिल्याशिवाय मफलरला हात लावणार नाही.