आमची वाटचाल: पुसलेल्या मेमरी कार्डांचे सोलापुरातील दुकान

नवी पेठेत २००७ साली आमचे दुकान सुरू झाले, तेव्हा पाटीवर ‘संगणक विक्री व दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले होते. सोलापुरातील स्टुडिओ त्या सुमारास रोलचा कॅमेरा बाजूला ठेवून डिजिटलकडे वळत होते आणि कर्ज काढून कॅमेरा घेतलेले फोटोग्राफर संगणक, कार्ड रीडर व सीडी रायटर आमच्याकडून नेत असत. रोलच्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण चुकून उघडले तर रोल वाया जाई, हे खरे. पण अख्खे लग्न दोन बटणांत नाहीसे करण्याची सोय डिजिटलनेच आणली. कार्ड रिकामे दिसले की ज्यांनी रीडर विकला त्यांनाच विचारावे, या साध्या हिशेबाने लोक आमच्याकडे येऊ लागले आणि दुरुस्तीच्या दुकानाला पुसलेले फोटो परत मिळवून देण्याचा हा दुसरा धंदा येऊन चिकटला.

हा धंदा मुळात शक्य होतो तो कार्डावरील नोंदींच्या पद्धतीमुळे. ३२ जीबीपर्यंतची कार्डे साधारणपणे फॅट३२ या रचनेत असतात. त्या रचनेत एखादा फोटो डिलीट केला की कार्डावरील फाइलींच्या यादीतील त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण टाकली जाते आणि त्याने अडवलेले कप्पे मोकळे आहेत असे लिहिले जाते. प्रत्यक्ष चित्राला कोणी हात लावत नाही. टॉवेलच्या गोदामातील वहीत गाठीची नोंद खोडली तरी गाठ मांडणीवरच पडून राहते, तसे हे आहे, आणि त्या जागी नवी गाठ येईपर्यंत जुनी उचलून आणता येते. कॅमेऱ्यातील नेहमीचे फॉरमॅटही बहुधा वहीच कोरी करते. मात्र काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा, वहीबरोबर चित्रेही पुसणारा वेगळा पर्याय असतो, आणि त्याच्यासमोर बरोबरची खूण करून फॉरमॅट मारले असेल तर आमच्याकडे येण्याचे कष्ट घेऊ नयेत, असे आम्ही फोनवरच सांगतो.

सुरुवातीची आमची सारी भिस्त फोटोरेक या मोफत प्रणालीवर होती. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरने ती लिहिली असून तिचा सोर्स कोडही सर्वांना खुला आहे, आणि आजही पहिला हात तिचाच फिरतो. ती यादीकडे पाहतच नाही. कार्डाच्या पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जाते. जेपेग फाइल कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याची असली तरी तिचे पहिले बाइट ठरलेले असतात. अशा ४८० हून अधिक विस्तारनामांच्या (फाइलीच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या .jpg सारख्या अक्षरांच्या) फाइली ही प्रणाली ओळखते. अडचण एवढीच की फाइलींची मूळ नावे आणि फोल्डर परत येत नाहीत. हळद, सीमांतपूजन, अक्षता आणि वरात यांचे दोनतीन हजार फोटो आकड्यांच्या नावांनी एकाच ढिगात पडतात आणि मग प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याने लिहून ठेवलेल्या तारीख-वेळेवरून ते लावावे लागतात. ज्या फोटोग्राफरने कॅमेरा घेतल्यापासून घड्याळ लावलेलेच नाही, त्याच्याकडे लग्न होण्यापूर्वीच वरात निघालेली आढळते, आणि असे फोटोग्राफर थोडे नाहीत.

काम वाढत गेले तसे एक गोष्ट आमच्या पक्की लक्षात आली. किती फोटो मिळणार, हे कार्ड आमच्या टेबलावर येण्याआधीच ठरलेले असते. एक उदाहरण देतो, कारण या प्रकारचे कार्ड प्रत्येक लग्नसराईत येते. “अण्णा, कार्डाला फॉरमॅट मारलंय आणि हळद आतच राहिली,” असा फोन येतो. हळदीचे सुमारे २० जीबी फोटो रात्री लॅपटॉपवर उतरवले, कॉपी अर्धवट झाल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही, सकाळी कार्ड फॉरमॅट करून त्यावरच अक्षतांचे १२ जीबी फोटो काढले. फॉरमॅट केलेल्या कार्डावर कॅमेरा सहसा सुरुवातीपासून लिहीत जातो. त्यामुळे हळदीचे पहिले १२ जीबी अक्षतांखाली कायमचे गेलेले असतात आणि शेवटचे ८ जीबी तसेच शिल्लक असतात, म्हणजे नवरीला हळद लावतानाचे फोटो गेलेले आणि नंतर पाहुण्यांच्या नाचाचे सगळे मिळालेले. यात कोणत्याही यंत्राची किंवा कारागिराची हुशारी चालत नाही. तोच फोटोग्राफर सकाळी दुसरे कार्ड घालून गेला असता तर बहुधा सगळे फोटो हाती आले असते.

म्हणून आम्ही जाहिरातीवर होणारा खर्च थांबवला आणि खिशात मावेल असा एक छापील कागद स्टुडिओंत वाटू लागलो. सोलापूरच्या रिवाजाप्रमाणे तो मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत होता. फोटो गेल्याचे कळताच कॅमेरा बंद करावा, कार्ड काढून त्याच्या बाजूची लॉकची पट्टी खाली करावी, संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारल्यास नाही म्हणावे, कार्ड ‘दुरुस्त’ करून देतो म्हणणारी कोणतीही आज्ञा चालवू नये आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर उतरवू नयेत, एवढाच मजकूर त्यावर होता. आमच्या उत्पन्नात त्यानंतर जी वाढ झाली ती कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरपेक्षा या कागदाने झाली, असे माझे मत आहे. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट इथून येणारी कार्डे लॉक करून, पाकिटात घालून येऊ लागली. आम्हीही मूळ कार्डावर काम करत नाही. त्याची बाइट-न-बाइट प्रतिमा, म्हणजे अख्ख्या कार्डाची हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर घेतो, कार्ड बाजूला ठेवतो आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतिमेवर होतात. कार्ड खराब असेल तर आधी वाचता येणारा भाग उचलून अडलेल्या जागांकडे नंतर वळणारी प्रणाली वापरावी लागते, कारण मरायला टेकलेले कार्ड एकाच जागी पुन्हापुन्हा वाचायला लावले तर उरलेलेही हातचे जाते.

सगळ्यांत त्रासदायक कार्डे लग्नाची नसून नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि उजनी धरणाच्या काठावर पक्षी टिपणाऱ्या हौशी मंडळींची असतात. ही मंडळी एका दमात वीस-तीस फोटो घेतात आणि तिथेच बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर नको ते डिलीट करत जातात. त्यामुळे कार्डावर जागोजागी लहान-मोठी भोके पडतात, पुढचे फोटो त्या भोकांत तुकड्यातुकड्यांनी बसतात, आणि तेही पुसले गेले की कोणता तुकडा कोणाचा हे सांगणारी साखळी उरत नाही. वर अर्धे आकाश आणि खाली भलत्याच फोटोतील गवत, अशी चित्रे निघतात. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेली असेल तर मात्र एक आशा असते. कॅनन आणि निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलीत मोठ्या आकाराचे जेपेगही दडलेले असते आणि मुख्य चित्र तुटले तरी ते कधीकधी अखंड मिळते. साध्या जेपेगच्या पोटातील छोटे चित्र मात्र बहुधा १६० बाय १२० ठिपक्यांचेच असते. बाजारातील काही सॉफ्टवेअर ही छोटी चित्रे दाखवून ‘सर्व फोटो सापडले’ असे सांगतात आणि पैसे भरल्यावर फुटकी फाइल हाती ठेवतात. आम्ही गिऱ्हाइकाला शेजारी बसवून फोटो पूर्ण आकारात उघडून दाखवतो.

६४ जीबी आणि त्यापुढची कार्डे आल्यावर फॅट३२ च्या जागी एक्सफॅट ही रचना आली. त्यात डिलीट करताना नोंदीवरची केवळ ‘चालू’ असल्याची खूण काढली जाते, त्यामुळे पुष्कळदा फोटो मूळ नावासकट मिळतात आणि आमचे काम हलके होते. ते हलकेपण व्हिडिओने भरून काढले. आता सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक असो की संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, फोटोपेक्षा चित्रण अधिक असते. व्हिडिओ फाइलीची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे चित्रण थांबवल्यावरच पूर्ण करतात. मध्येच बॅटरी गेली तर आत सगळे असूनही फाइल उघडत नाही. अशा वेळी त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाइल आम्ही मागून घेतो आणि तिच्या आधारे अनुक्रमणिका नव्याने बांधतो. काही कॅमेरे मोठ्या व्हिडिओबरोबर त्याची लहान प्रतही एकाच वेळी लिहितात, आणि दोन्हींचे तुकडे एकमेकांत गुंफलेले निघतात. ते सोडवण्याचे काम आमच्याकडे माझा धाकटा भाऊ करतो, आणि तो ते करत असताना त्याला कोणी हाक मारत नाही.

पैशाचा व्यवहार पहिल्यापासून एकच आहे: प्रतिमा घेण्याचे आणि तपासणीचे ठरावीक शुल्क, आणि बाकी रक्कम फोटो पाहून पटल्यावर. इतरांच्या घरातील फोटो रोज डोळ्यांखालून जात असल्याने दुकानात कामगारांचे मोबाइल त्या टेबलाजवळ नेले जात नाहीत आणि काम दिल्यानंतर आठवडाभरात प्रतिमा पुसली जाते, हे पावतीवरच छापलेले आहे.

२०२० आणि २०२१ मध्ये लग्ने थंडावली. त्या दिवसांत वेगळीच गिऱ्हाइके आली. घरातील गेलेल्या माणसाचा एखादा चांगला फोटो जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डात असेल का, हे पाहायला. खणात पडून राहिलेल्या एक-दोन जीबीच्या कार्डांनी त्यांना बहुधा निराश केले नाही. मोबाइलच्या बाबतीत मात्र आम्हाला नकार द्यावा लागला. अलीकडच्या फोनमधील साठा कूटबद्ध असतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असतो, आणि फोटो कायमचा डिलीट झाला की त्याची किल्लीही जाते. तेव्हा आधी रीसायकल बिनमध्ये पाहावे आणि मग फोनची बॅकअपची खाती तपासावीत, एवढेच आम्ही फुकट सांगतो.

आता दोन कार्डांच्या खोबणी असलेले कॅमेरे बऱ्याच फोटोग्राफरांकडे आले आहेत आणि दोन्हींवर एकाच वेळी लिहिण्याची सेटिंग ज्यांनी लावली, ते आमच्याकडे क्वचितच येतात. त्यांची जागा बनावट कार्डांनी घेतली आहे. वर १२८ जीबी छापलेले असते, आतली जागा त्याच्या चौथाईही नसते, आणि ती संपली की पुढचे फोटो कुठेच न जाता नुसती नावे दिसत राहतात. जे लिहिलेच गेले नाही ते परत आणता येत नाही, म्हणून यंदाच्या तुळशीच्या लग्नापासून आम्ही नवीन कार्डे काठोकाठ भरून, पुन्हा वाचून तपासून देण्याचे काम सुरू केले आहे. एका कार्डाला काही तास लागतात. सकाळी दिले तर संध्याकाळी मिळते.