आमची वाटचाल : पेटीपासून पायाच्या ऑर्गनपर्यंत

गडचिरोलीतल्या वडसा भागात भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या पट्ट्याच्या, नाटकाला ऑर्गन हवाच, आणि तो ट्रॉलीत धानाच्या तणशीवर बसून गावोगाव हिंडतो. आमचं दुकान आधी भजनी मंडळांच्या पेट्यांचं होतं : भात्याला ठिगळ, दोन-चार मुके सूर, झालं. पायाच्या ऑर्गनचं काम निराळं निघालं.

पेटीत हवा दाबाने रीडमधून, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभेच्या फटीतून, बाहेर पडते. जुन्या अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्ये उलटं : पायाने भाता आतली हवा बाहेर फेकतो आणि बाहेरची हवा रीडमधून आत ओढली जाते. तिच्याबरोबर मांडवातली धूळ अन् तणशीचा भुसा थेट पितळी जिभेखाली जातो. ६१ पट्ट्या, रीडच्या दोन रांगा, म्हणजे १२२ जिभा. सूर मुका झाला की लोक नवं रीड मागतात. बहुतेकदा हुकासारख्या आकड्याने रीड बाहेर ओढून मऊ ब्रशने झाडलं की तो बोलतो.

खरा त्रास आधीच्या दुरुस्त्यांचा. भात्यावर रेक्झिन चढवलेलं असतं. ते दोन उन्हाळ्यांत कडक होऊन घडीवर तडकतं. तिथे रबर चढवलेलं पातळ कापडच हवं. आणि गोंद! सुरुवातीला आम्हीही लाकडाचा पांढरा गोंद वापरला. पुढच्या खेपेला कापड सोलताना फळीची साल सोबत निघाली. आता सरसच. त्याला झुरळं लागतात, खरं आहे, पण कोमट ओल्या फडक्याने तो सुटतो.

भाता बसवला की सगळे स्टॉप (रीडच्या रांगांची हवा उघडणारे-बंद करणारे खुंटे) बंद करायचे, पायटे (पायाचे पेडल) मारून भाता पूर्ण ओढून घ्यायचा आणि पाय काढून सेकंद मोजायचे. अर्ध्या मिनिटाच्या आत तो फुलला तर गळती आहे. आधी कोपरे बघा, मग झडपांचं चामडं.

सूर लावणं शेवटी. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. काही जुने ऑर्गन ४३५ च्या सुरात आहेत, म्हणजे त्यांचा A हा सूर ४३५ हर्ट्झवर आहे. आता सोबत ४४० चा कीबोर्ड वाजतो. फरक साधारण २० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), म्हणजे कानाला टोचेल इतका. सगळे १२२ चढवावे लागतात. आधी कुणी बुडाशी खोल खरवडलेलं असेल तर ती जीभ ऐन प्रयोगात तुटते. ती आम्ही बदलूनच टाकतो. गोंद कोणता, सूर कितीचा, जिभा कोणत्या बदलल्या, हे झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवतो.

ऑर्गन होळीनंतर लगेच आणा. पोळ्याला आणला तर लाकूड फुगलेलं असतं, आणि तेव्हा अडते म्हणून घासलेली पट्टी मार्गशीर्षात खडखडते.