टिकलीचा डावा कान

टिकली घरी आली तेव्हा ९ आठवड्यांची होती. पांढरीशुभ्र बुल टेरियर, कपाळावर सुपारीएवढा काळा ठिपका, म्हणून टिकली. हीच जात आणायची हे ठरवायला मी दोन वर्षं घेतली होती. तिला वाढवायचं कसं, हे ठरवायला मात्र हातात पाचच आठवडे होते.

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत एक दार उघडं असतं. त्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, पायाखाली लागतं, ते त्याला आपलंसं वाटतं. नंतर नव्या गोष्टीकडे ते आधी संशयाने बघतं. अडचण अशी की याच आठवड्यांत लसीकरणही अर्धवट असतं. शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आसपास, आणि तोवर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती. बाहेर न्यावं तर आजार, घरात ठेवावं तर जन्माचा भित्रेपणा.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी हा गुंता सोडवला. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवलं आहे की लसींचा क्रम पुरा होण्याची वाट बघू नका. पहिल्या डोसनंतर किमान ७ दिवसांनी पिल्लू शिकवणीच्या वर्गाला नेता येतं. तीन वर्षांखालची कुत्री संसर्गापेक्षा वागणुकीच्या प्रश्नांमुळे जास्त दगावतात, असंही त्यात म्हटलं आहे. बाई म्हणाल्या, "जिथे अनोळखी कुत्री येतात तिथे जमिनीवर सोडू नका. कडेवर घेऊन मात्र रोज बाहेर पडा."

तसं केलं. छत्री, हेल्मेट, चाकाची खुर्ची, काठी टेकत चालणारी माणसं, पाळण्यातलं बाळ असं सगळं टिकलीने माझ्या कडेवरून पाहिलं. घरात गोणपाट, लोखंडी जाळी, ओली फरशी पायाखाली दिली. हा भाग सोपा होता.

अवघड भाग माणसांचा. दादाचं म्हणणं होतं, "ही लढाईची जात आहे. धाकात ठेवली नाहीस तर पुढे तुलाच जड जाईल." इतिहास त्याला अर्धाच माहीत होता. बुलडॉग आणि टेरियरच्या संकरातून झुंजीची कुत्री निघाली हे खरं, पण ब्रिटनमध्ये अशा झुंजींवर १८३५ मध्ये कायद्याने बंदी आली. त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी आजची पांढरी बुल टेरियर घडवली, ती प्रदर्शनासाठी आणि सोबतीसाठी. तरीही दादाची काळजी मी उडवून लावली नाही. अंगात ताकद आणि मनात जिद्द असलेलं हे जनावर मोठेपणी २५ किलोच्या पुढे सहज जातं. त्याला घाबरायची सवय लागली तर त्याचा त्रास त्यालाही आणि समोरच्यालाही.

दादाच्या ओळखीचे एक ट्रेनर आले. त्यांनी गळ्याला आवळणारी साखळी काढून दाखवली आणि "आधी मालक कोण ते कळलं पाहिजे" म्हणाले. लांडग्यांच्या कळपात नायक सगळ्यांना दाबून ठेवतो, म्हणून आपणही तसंच करायचं, हा त्यांचा हिशोब. कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून ही कल्पना आली होती. ती लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. मी ट्रेनरना नम्रपणे नकार दिला. माझ्यापुरता प्रश्न साधा होता: साखळी आवळली त्या क्षणी समोर दुसरं कुत्रं असेल, तर टिकली वेदना कुणाच्या नावावर मांडेल? त्या कुत्र्याच्याच.

मग पिल्लांच्या वर्गाला गेले. तिथे सगळी पिल्लं एका खोलीत एकदम मोकळी सोडली. तिच्या दुप्पट आकाराच्या एका पिल्लाने तिला डाव्या बाजूने येऊन उलटंपालटं केलं. ती ओरडली नाही, पळाली नाही, नुसती थिजली. "राहू द्या, शिकेल," असं मला सांगण्यात आलं. मी तिला उचललं आणि घरी आले. त्या दिवशी मी जितकी रडले तितकी नंतर कधीच नाही, कारण तिला तिथे मीच नेलं होतं.

पुढचे काही दिवस ती डावीकडून कुणी आलं की दचकायची. वर्गातल्या धक्क्याचा परिणाम, असं मी धरून चालले. आईने मात्र निराळंच टिपलं. "अगं, हाक मारली की ती आधी उलट्या दिशेला बघते. ऐकू येतंय तिला, पण कुठून येतंय ते कळत नाहीये."

बेअर नावाची तपासणी करून घेतली. डोक्याच्या कातडीत बारीक सुया लावतात, एकेका कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूकडे संदेश पोचतो का ते पडद्यावर बघतात. उजव्या कानाची रेघ उंचसखल उमटली. डाव्याची सपाट. आतल्या कानातल्या रंगपेशी नसल्या की ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये साधारण पाचातल्या एकाचा निदान एक कान असा असतो, रंगीत असेल तर हे फार क्वचित घडतं. पांढरं पिल्लू घेणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी पिल्लू घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एका कानाचं बहिरेपण घरात सहज लक्षात येत नाही.

त्या सपाट रेघेने आमचं सगळं ठरवून टाकलं. टिकलीला जगाशी भिडवायचं नाही, दाखवायचं. तेही लांबून.

ती माझ्या डाव्या हाताला चालते, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडे राहतो आणि तिच्या बहिऱ्या बाजूवर नजर ठेवणं माझं काम. प्रत्येक शब्दाला हाताची खूण जोडली. खांद्याला स्पर्श, लगेच खाऊ, असं दिवसातून वीसेक वेळा. अचानक झालेला स्पर्श चांगली बातमी आणतो, एवढं तिच्या अंगात मुरेपर्यंत. मैदानाच्या कडेला बसायचो. लांबवर कुत्रं दिसलं, तिने पाहिलं, की मी "हं" म्हणायची आणि खाऊ द्यायची. तिने तो अलगद घेतला तर अंतर बरोबर. हिसकावून घेतला किंवा तोंड फिरवलं, तर आम्ही फार जवळ आलोय, उठायचं आणि मागे सरकायचं. आठवडाभर एकही पाऊल पुढे न सरकलेले दिवस गेले. खेळायला फक्त शेजारची एक वयस्क, शांत लॅब्राडोर होती. टिकली अंगावर आदळायला लागली की ती मान वळवून उभी राहायची. जे वर्गात शिकायचं होतं ते तिने त्या आजीकडून शिकलं.

चावण्याने मात्र दोन महिने हातांची चाळण झाली. "आई गं!" असं ओरडलं की तिला आणखीच चेव यायचा. दात लागले की खेळ बंद, मी उठून दाराबाहेर, आणि दहा सेकंदांनी परत, हे चाललं. शिवाय संध्याकाळचं चावणं हे झोप न झाल्याचं आहे हे मला उशिरा कळलं. एवढ्या पिल्लाला दिवसाकाठी १८ तास झोप लागते. दुपारची झोप सक्तीची केल्यावर संध्याकाळ निम्म्याने शांत झाली.

पाचव्या महिन्यात ती स्वतःच्या शेपटीमागे गोल फिरायला लागली. पाहुणे हसायचे, मोबाइल काढायचे. या जातीत त्याचं कधी कधी न थांबवता येणाऱ्या वेडात रूपांतर होतं, म्हणून मी सगळ्यांना हसण्याची मनाई केली. डॉक्टरांना दाखवलं, वहीत वेळा लिहिल्या. बहुतेक फेऱ्या कंटाळा आला की किंवा घरात गोंगाट असला की सुरू व्हायच्या. त्या वेळी गवतात विखुरलेला खाऊ हुंगत शोधायला दिला. नववा महिना लागेपर्यंत वहीची पानं कोरी राहू लागली.

लोक म्हणतात ही जात हट्टी. मला ती चोखंदळ वाटते. "बस" पाच वेळा लागोपाठ सांगितलं की सहाव्यांदा ती निघून जाते. तीन मिनिटांचा सराव, मग दोरी ओढण्याचा खेळ, एवढंच आमचं वेळापत्रक.

आता ती १४ महिन्यांची आहे. पुरती वयात आल्यावर तिला इतर माद्या खपणार नाहीत, असंही होऊ शकतं, आणि त्याची तयारी मी ठेवली आहे. सगळ्यांशी तिची मैत्री व्हावी हा आग्रह मी सोडला. अनोळखी कुत्र्यांत तिचा पट्टा सुटणार नाही.

गेल्या आठवड्यात एक मोठं कुत्रं तिच्या डाव्या बाजूने आलं. तिला चाहूल नव्हती. मी खांद्याला हात लावला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि खाऊ अलगद घेतला.

घरी येऊन ती उजव्या कुशीवर झोपली, म्हणजे चांगला कान उशीत. आई खोलीत येताना फरशीवर दोनदा पाय आपटते. टिकली डोळे न उघडताच शेपटी हलवते.