आधी फोन रिकामा, मग गाडी धुवायची

चेन्नईहून परत आलो की गाडी धुवायच्याही आधी मी फोन रिकामा करतो. गाडी तशीच उभी असते, काचेवर दोन राज्यांचे किडे, चाकांवर ब्रेकची काळी पूड, आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, केबल आणि हार्ड डिस्क मांडून बसलेलो. घरात यावर बोलून झालंय. बायकोचं म्हणणं, आंघोळ तरी करून बस. आईचं म्हणणं वेगळं: "गोल गोल फिरायला एवढ्या लांब जातोस, आणि वर त्याचं शूटिंग?"

मी जातो ते चेन्नईजवळच्या रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला, आणि त्या फेऱ्यांचं फोनवर शूटिंग करतो. शूटिंग हा खरा मुद्दा आहे, म्हणून लिहितोय.

गाडी साधी पोलो जीटी, आपल्या चाकणलाच बनलेली. २०२२ मध्ये पोलोचं उत्पादन थांबलं, तेव्हापासून तिच्यावरचा जीव जरा जास्तच वाढलाय. ट्रॅक म्हणजे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, ज्याला आमच्यातले बरेच जण अजून जुन्या नावाने एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. १९९० पासून सुरू आहे, एक फेरी, म्हणजे लॅप, ३.७१७ किलोमीटरची. पुण्यात आमच्या वारज्याहून साताऱ्याकडे जाणारा ४८ नंबरचा हायवेच कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत थेट इरुंगाट्टुकोट्टईला जातो. ह्युंदाईचा कारखाना आला की हायवे सोडायचा.

दिवसभरात वीस-वीस मिनिटांची काही सेशन मिळतात. फोन काचेला लावायचा, ॲप सुरू करायचं, निघायचं. ॲप व्हिडिओ घेतं आणि सोबत जीपीएसवरून वेग, जागा, लॅपची वेळ नोंदवत राहतं. रेसक्रोनो, हॅरीज लॅपटायमर, ट्रॅकॲडिक्ट अशी बरीच ॲप आहेत, कुठलं चांगलं यावर पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायची जागा) चहासोबत रोज वाद होतात, मी त्यात पडत नाही. पण फोनच्या पोटातल्या जीपीएसवर विसंबू नका एवढं मात्र सांगेन. तो साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतो. ताशी १५० ने जाताना एका सेकंदात गाडी जवळपास ४२ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ब्रेक कुठे मारला हे शोधायचं, तर दोन ठिपक्यांच्या मध्ये कुठेतरी, इतकंच कळतं. ब्लूटूथवर चालणारा, सेकंदाला दहा वेळा नोंद करणारा वेगळा जीपीएस घेतला की ते अंतर चार मीटरवर येतं. पंचवीस वेळावाले त्याहून महाग आहेत. माझ्यासारख्याला दहा पुरे.

आता फोन रिकामा करण्याविषयी. बहुतेकांचा समज असा की व्हिडिओ काढला म्हणजे तो गॅलरीत गेला, आणि गॅलरीचं बॅकअप तर रात्री आपोआप होतंच. या ॲपांचं तसं नसतं. रेकॉर्डिंग अनेकदा ॲपच्या स्वतःच्या कप्प्यात पडून राहतं आणि आपण हाताने एक्सपोर्ट करेपर्यंत गॅलरीला त्याचा पत्ताच नसतो. आयफोनवर ॲप डिलीट केलं की तो कप्पाही जातो. (ऑफलोड केलं तर राहतो. सेटिंगमध्ये दोन्ही बटणं एकाखाली एक आहेत, तेव्हा बोट जपून.) अँड्रॉइडवरही ॲपच्या स्वतःच्या फोल्डरची तीच गत: ॲप काढलं की फोल्डर साफ, आणि अँड्रॉइड ११ पासून तर फाइल मॅनेजरमधून तिथे शिरणंही अवघड झालंय. आमच्या ग्रुपमधल्या एकाने नवा फोन घेतला, जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. सगळे फोटो नव्या फोनवर आले, मुलीचे वाढदिवस आले, ट्रॅकचा एकही लॅप आला नाही. दुकानदाराने जुना फोन त्याच्यासमोरच फॅक्टरी रीसेट केला होता. याने स्वतः पासवर्ड टाकून दिला होता.

फाइल बिघडण्याचा प्रकार वेगळा. एमपी४ फाइलमध्ये कुठलं दृश्य कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते, आणि ती बऱ्याचदा रेकॉर्डिंग थांबवल्यावर अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच फोन बंद पडला तर दोन जीबीची फाइल उरते, पण उघडत नाही. त्याच फोनच्या एखाद्या धडधाकट व्हिडिओचा नमुना देऊन अशी फाइल दुरुस्त करणारे प्रोग्राम आहेत, अनट्रंक नावाचा फुकट आहे, कधी जमतं कधी नाही. त्यापेक्षा सेशन संपवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आलं की स्टॉप दाबायचं, ॲप "सेव्ह झालं" म्हणेपर्यंत हेल्मेट काढत बसायचं, मगच फोन माउंटवरून काढायचा. लोक उतरल्या उतरल्या फोन खेचतात आणि लॅपटाइम बघायला दुसऱ्या ॲपमध्ये उडी मारतात.

फोन मध्येच बंद का पडतो? ऊन. ॲपलच्या स्वतःच्या सूचनेप्रमाणे आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा. आता चेन्नईची दुपार, बंद गाडी, एसी बंद, काचेतून थेट ऊन, फोन चार्जिंगला, स्क्रीन पूर्ण उजेडावर आणि कॅमेरा चालू. पापड भाजायला एवढं पुष्कळ झालं. मी चार्जर काढून ठेवतो, स्क्रीन मंद करतो, आणि दोन सेशनच्या मधल्या वेळात फोन गाडीत न ठेवता सावलीत पंख्याखाली ठेवतो. बर्फाच्या डब्यावर ठेवणारेही पाहिलेत. तसं करू नये, आत दव धरतं.

दुसरं कारण आपल्याकडचं खास: "सर, प्री-अप्रूव्ड पर्सनल लोन…" ऐन लॅपमध्ये कॉल आला की काही ॲप रेकॉर्डिंग थांबवतात. म्हणून आधी नेट चालू असताना जीपीएसला जागा पकडू द्यायची, मग एअरप्लेन मोड, मग ब्लूटूथ तेवढं परत चालू. जीपीएसला एअरप्लेन मोडची अडचण नसते.

माउंटबद्दल एकच. सक्शन कपवर भरवसा ठेवू नका, त्याला एक दोरी बांधा आणि ती घट्ट गाठीने कशाला तरी अडकवा. सुटलेला फोन ब्रेक पेडलखाली गेला तर व्हिडिओची काळजी राहणार नाही. आणि बाइकवाल्यांनो, चांगला फोन हँडलवर लावू नका. मोठ्या इंजिनच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय.

किती जागा लागते याचा हिशेब आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये लिहिलेलाच असतो. १०८० पी, ३० फ्रेम, नव्या पद्धतीने साठवलं तर मिनिटाला सुमारे ६० एमबी, जुन्या पद्धतीने १३०. ॲपचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण वीस मिनिटांचं सेशन सव्वा ते अडीच जीबीत बसतं. फोर-के लावलं तर नव्या पद्धतीनेही मिनिटाला १७० एमबी जातात आणि त्यातून मिळतं काय, तर डॅशबोर्डवरची धूळ स्वच्छ दिसते. हात, स्टिअरिंग आणि पुढचा रस्ता दिसला की माझं काम झालं.

हॉटेलच्या वायफायवरून क्लाउडवर टाकण्याचा नाद सोडा. केबल लावा. आणि पेनड्राइव्ह जुना असेल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला नाही ना बघा, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. कॉपी अर्ध्यावर अडते आणि लोक केबलला शिव्या घालतात.

इथपर्यंतचं सगळं कोणीही सांगेल. माझा खरा आग्रह पुढे आहे. ॲपमधून "एक्सपोर्ट" दाबलं की बहुतेक जण तो देखणा व्हिडिओ काढतात: कोपऱ्यात वेगाचा काटा, खाली ट्रॅकचा नकाशा, त्यावर पळणारा ठिपका. तो काढा, जरूर काढा, व्हॉट्सॲपवर मामे-चुलत भावंडांना तोच आवडतो. (डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप त्याचा चोथा करतं. मर्यादा २ जीबी.) पण तेवढाच ठेवलात तर आकडे चित्रात कायमचे गोठले. त्यांच्यावर परत काही करता येत नाही. मी दर सेशनच्या दोन गोष्टी आधी काढतो: ॲपने घेतलेला कोरा व्हिडिओ आणि आकड्यांची फाइल. आकडे सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) किंवा व्हीबीओत. व्हीबीओ हा गाडीचा वेग नोंदवणारी यंत्रं बनवणाऱ्या रेसलॉजिकवाल्यांचा साधा मजकुराचा फॉरमॅट आहे, त्यांच्या सर्किट टूल्स या प्रोग्राममध्ये उघडतो, वेळ आली तर नोटपॅडमध्येही वाचता येतो. शिवाय ॲपचा स्वतःचा सेशन-बॅकअप निघत असेल तर तोही, कारण व्हिडिओच्या कुठल्या क्षणाला आकड्यांची कुठली ओळ जुळते ही गाठ त्यातच असते. नुसता व्हिडिओ उचलला की ती सुटते, आणि मग सुरुवातीची रेघ ओलांडतानाचा क्षण शोधून हाताने जुळवत बसावं लागतं.

याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगतो. एका सेशनला मी कोचला माझ्याच गाडीत, त्याच टायरवर, एक लॅप मारायला लावला. त्याचा आला २:११. माझा सर्वांत चांगला २:१७. सहा सेकंद! मला खात्री होती की ही सहा सेकंदं मागच्या हळू वळणांमध्ये जातात, कारण तिथे मला घाबरल्यासारखं होतं, टायर ओरडतात, हात भरून येतात. पुण्यात आल्यावर दोन्ही लॅपचे आकडे एकावर एक ठेवले. ॲपने लॅपचे तीनच भाग पाडले होते, त्यावरून काही उलगडेना. मग मीच दर वळणाआधी एकेक नवी रेघ मारून त्याच जुन्या लॅपचे बारीक तुकडे केले. मागच्या वळणांमध्ये आमच्यात फारसा फरक नव्हता. सहा सेकंदांतला मोठा तुकडा निघाला मेन स्ट्रेटच्या, म्हणजे मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी, सी-१ ला, म्हणजे पहिल्या वळणाला. ते वेगवान उजवं वळण आहे, आणि मला ते सोपं वाटतं. सोपं वाटायचं कारण आकड्यांत दिसलं: मी तिथे कितीतरी आधी ब्रेक मारून मोकळा होतो. कोचचा वेग कमीत कमी जिथे उतरतो, तिथेही तो माझ्याहून ताशी १२ ने जास्त.

आणि मग कोरा व्हिडिओ आवाजासकट लावला. आकडे सांगतात ब्रेक कुठे लागला. पण त्या लॅपमध्ये कोच सतत बोलतोय, तमिळ वळणाच्या इंग्रजीत, "वेट… वेट… लुक इनसाइड… नाऊ." तो "लुक इनसाइड" ब्रेकच्या आधी येतो. मी ब्रेक मारल्यावर आत बघतो. हे कुठल्याच आलेखात नाही. तो व्हिडिओ मी शंभरदा ऐकलाय, पोरं आता जेवताना "वेट… वेट…" करतात.

म्हणून सगळंच साठवा असं मी म्हणत नाही. टायर गरम करायचे लॅप, पुढे हळू गाडी अडकलेले लॅप, हे मी व्हिडिओतून कापून टाकतो. आकड्यांच्या फाइली मात्र सगळ्या ठेवतो, त्या व्हिडिओपुढे किरकोळ जागा खातात. कोचचा लॅप, माझा सर्वांत चांगला लॅप, आणि जिथे मागच्या चाकांची पकड सुटली तो लॅप, एवढे व्हिडिओ अख्खे. फोल्डरच्या नावात तारीख, ट्रॅक, टायर आणि हवा. "फायनल-२-खरंच-फायनल" असली नावं ऑफिसपुरती ठीक.

यूट्यूबवर टाकायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी टाकत नाही. दुसऱ्यांच्या नंबरप्लेट, चेहरे येतात, कोणाचा स्पिन (गाडी गरकन फिरणं) येतो, आणि तो बिचारा ऑफिसात आजारपणाची रजा टाकून आलेला असतो. काही ठिकाणी तर शूटिंगच चालत नाही. जर्मनीत नोकरीला असलेला माझा मित्र न्यूर्बुर्गरिंगच्या २०.८३२ किलोमीटरच्या नॉर्डश्लायफवर पैसे भरून स्वतःची गाडी फिरवतो, तिथे अशा पर्यटक-फेऱ्यांमध्ये व्हिडिओ काढायला बंदी आहे. आपल्याकडे आयोजकाला सकाळीच विचारून घ्यावं. आणि जाता जाता: आपल्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी ठोकलीत तर खर्च आपला, व्हिडिओ कितीही स्पष्ट असो.

दोन डिस्क ठेवतो. एक घरी, एक कोल्हापूरला मामाकडे, कारण कोल्हापूर वाटेतच लागतं. जाताना घरची घेऊन जायची, तिथली उचलायची, तांबडा-पांढरा रस्सा खायचा, पुढे निघायचं. मागच्या खेपेला मामाने ती डिस्क टीव्हीला जोडून माझा सर्वांत चांगला लॅप बघितला. मेन स्ट्रेट संपेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "अरं, रस्ता मोकळा हाय की सगळा! मग एवढ्या लांबनं ब्रेक कशाला मारतुयास?"

सी-१ पुरतं त्याचं बरोबर आहे.