पाडव्याचा कडुलिंब आणि आयपीए

पाडव्याला कडुलिंबाची चटणी आपण तोंड वाकडं करत का होईना, पण खातोच. कारल्याची भाजी, मेथीची भाजी, साखर न घातलेली कॉफी हेही चालतं. मात्र नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या टेबलावर पहिल्यांदा आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडू बिअर, समोर आली, की एका घोटातच ‘हा काढा कोण पितं?’ म्हणून ग्लास पुढे सरकवला जातो. खरं तर कडू आपल्याला नवं नाही. बिअर कडू असू शकते, ही अपेक्षा तेवढी नसते. कारण वर्षानुवर्षं जी बिअर प्यायली ती दात शिवशिवतील इतकी गार आणि चवीला जवळजवळ नसल्यासारखी.

चटणीत कडुलिंबासोबत गूळ असतो, तसा आयपीएत माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा असतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला सापडतो, पहिल्याला नाही. कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. ही फुलं तासभर उकळली की नुसता कडूपणा उरतो, वास वाफेबरोबर निघून जातो. उकळीच्या शेवटी किंवा बिअर आंबवून झाल्यावर घातली, तर संत्र्याचा, पिकल्या आंब्याचा, कधी पाइनच्या झाडाचा वास येतो. आमटीत कोथिंबीर गॅस बंद करताना का घालायची हे ज्याला माहीत आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. लागर, म्हणजे आपली नेहमीची सोनेरी बिअर, साधारण 10 ते 20, आयपीए 40 ते 70. थेट 15 वरून 60 वर उडी मारली तर जीभ बंड करणारच. मध्ये पेल एल नावाची पायरी आहे, 30-40ची. ती गाळू नये.

माझं मत विचाराल तर नाशिकच्या माणसाने सुरुवात आयपीएने करूच नये, विटबिअरने करावी. ही बेल्जियमची गव्हाची बिअर. हूगार्डन गावात ती बंद पडली होती, 1966 साली पिएर सेलिसने पुन्हा सुरू केली. त्यात पडतात धने आणि संत्र्याची वाळवलेली साल. धने! आपल्या मिसळणाच्या डब्याशेजारची बरणी. गोझे या आंबट जर्मन बिअरमध्ये तर धने, मीठ आणि लॅक्टिक आंबटपणा तिन्ही असतं, म्हणजे पंगतीतल्या मठ्ठ्याची लांबची बहीणच. आंबट बिअर ‘खराब झालीय’ म्हणून परत पाठवणाऱ्याने तिला मठ्ठा समजून एक घोट घ्यावा. जर्मनीतल्या बांबर्गची धुरकट बिअर प्यायली की चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आठवतं. कारण तिचं माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावरच वाळवलेलं असतं.

हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंगेचा वास येतो, पण केळं किंवा लवंग कुणी घातलेली नसते. हे बिअर आंबवणाऱ्या यीस्टचं काम. आणि इथेच चवीचा खरा पेच आहे. केळ्याचा वास हेफेवायझनला शोभतो, पिल्सनर या लागरला आला तर तो दोष. आंबटपणा गोझेचा गुण, पण लागर आंबट लागली तर बहुधा बारमधल्या बिअरच्या नळाची नळी नीट धुतलेली नाही. लोण्यासारखा वास आला तर आंबवण्याच्या शेवटी यीस्टला पुरता वेळ मिळालेला नसतो. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे बिअरला हवा लागली किंवा ती जुनी झाली. त्यामुळे ‘मला आवडली नाही’ आणि ‘ही बिघडलीय’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं कुणीही म्हणावं, दुसरं म्हणण्याआधी शैली माहीत हवी.

वाइनच्या गावात राहण्याचा एक फायदा आहे. ग्लास फिरवून नाकाशी नेला तर कुणी हसत नाही. तोटाही आहे, ‘जितकी जुनी तितकी भारी’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आयपीएला ते लागू नाही. हॉप्सचा वास दोन-तीन महिन्यांत मावळतो, म्हणून कॅनवरची तारीख आधी पाहायची, चित्र नंतर. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतली बिअर उन्हात राहिली तर काही मिनिटांतच कुबट घाण वास धरते. उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात. तपकिरी काच ते बरंच थोपवते.

चार शैली एकत्र चाखायच्या असतील तर प्रत्येकीची 100 मिली पुरे. क्रम फिक्यापासून गडदकडे नव्हे, कमी कडूपासून जास्त कडूकडे. रंगाचा आणि नशेचा तर काहीच संबंध नाही. काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट 4.2 टक्क्यांची, आणि दुकानातली सोनेरी ‘स्ट्राँग’ 8 पर्यंत जाते. मध्ये पाणी आणि साधा पाव. झणझणीत मिसळ खाऊन लगेच आयपीए चाखू नये. कडूपणा आणि अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतात, मग बिअरची चव कसली, नुसती आग. तिखटासोबत गव्हाची बिअर बरी. तिखट बेताचं असेल तर काळ्या मसाल्याच्या रश्शाजवळ स्टाउट ही काळी बिअर छान बसते. कांदा-खोबरं काळपट भाजलेलं आणि बार्लीही तशीच भाजलेली.

ग्लास तेलकट नको. आत बुडबुडे काचेला चिकटून राहिले की समजावं, नीट धुतलेला नाही. खायच्या सोड्याने धुवून, विसळून पालथा ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही. ओतताना निम्मी बिअर तिरक्या ग्लासात, उरलेली सरळ, वर दोन बोटं फेस. फेस दिसला की आपल्याकडे ‘मापात पाप’ आठवतं, पण वास त्यातूनच नाकापर्यंत पोचतो. फ्रीझरमधून काढलेला बर्फाळ ग्लास मात्र सरळ नाकारावा, गारठलेल्या जिभेला काहीच कळत नाही. लागर 4 ते 7 अंशांवर, आयपीए 7 ते 10, स्टाउट 10 ते 13. उन्हाळ्यात यासाठी फ्रिजमधून काढून थोडं थांबावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा स्टाउटला फ्रिज थोडाच वेळ लागतो.