उंदीरमामाचा दात

वैशाखातली दुपार. कूलरची घरघर, ताट्यांतून झिरपणारा वाळ्याचा वास, आणि वाटीत खणकन वाजलेला दुधाचा दात. पोह्यांबरोबर आला. आता तो टाकायचा कुठं? पूर्वी कौलं होती. दात भिरकावायचा आणि ओरडायचं, उंदीरमामा, माझा दात घे नि तुझा दे. धरमपेठेत चौथ्या मजल्यावर कौलं कुठून आणणार?

मागणी मात्र पूर्ण विचारांती केलेली दिसते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. मुळाशी मूळपेशींचा साठा असतो आणि इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, घडवणाऱ्या पेशी तिथून येतच राहतात. इनॅमल फक्त पुढच्या बाजूला. मागची बाजू त्यामानाने मऊ, ती आधी झिजते, म्हणून दाताला छिन्नीसारखी धार आपोआप राहते. इनॅमलात लोह मुरलेलं, त्यामुळे रंग चक्क संत्र्याचा. नागपूरच्या पोरांनी मागावा असाच दात.

आपल्याकडे ही सोय नाही. आपल्या त्या पेशी, अमेलोब्लास्ट, दात हिरडीतून वर येईस्तोवर संपून जातात. टूथपेस्टच्या जाहिराती काहीही म्हणोत, विरघळू लागलेले स्फटिक थोडेफार भरून निघतात. झिजून गेलेला थर पुन्हा येत नाही.

त्या पेशींचं काम मात्र स्लॅबच्या सेंट्रिंगसारखं. आधी प्रथिनांचा मऊ गर ओततात. त्यात सुमारे ९० टक्के अमेलोजेनिन, उरलेल्यात अमेलोब्लास्टिन आणि एनॅमेलिन. या गरात खनिजाचे बारीक, लांबच लांब स्फटिक धरतात. थर दिवसाला साधारण ४ मायक्रोमीटरने वाढतो. एमएमपी-२० हे विकर सुरुवातीपासूनच प्रथिनं कातरत असतं. लांबी पुरी झाली की केएलके-४ हे दुसरं विकर उरलेल्यांचा भुगा करतं, भुगा शोषला जातो आणि मोकळ्या जागेत स्फटिक जाड होतात. शेवटी वजनाने ९६ टक्के खनिज. सेंट्रिंग निघालं तरच स्लॅब.

आणि नेमकं तेच निघत नाही, तेव्हा? दात घडत असताना पाण्यातून फ्लोराइड जास्त गेलं की प्रथिनं हटायला उशीर होतो. इनॅमल आतून सच्छिद्र राहतं, पांढुरक्या रेघा दिसतात, पुढे त्यात तपकिरी डाग धरतात. चंद्रपूर, यवतमाळकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्याने हे केलंय. ते डाग घासून जात नाहीत, कारण ती घाण नव्हेच. अक्कलदाढा सोडल्या तर दातांचे माथे आठव्या वर्षापर्यंत घडून होतात, म्हणजे जपायचं ते त्याआधी. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटून वाढतं. आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने यावर तुरटी-चुन्याची पद्धत बसवली. नाव मात्र तेलंगणातल्या नलगोंड्याचं लागलं. चुना तुरटीच्या विसाव्या हिस्स्याइतका, सोबत ब्लीचिंग पावडर. दहा मिनिटं हळूहळू ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं, वरचं पाणी गाळून घ्यायचं. जोराने ढवळलं तर तुरटीने धरलेले गोळे फुटतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटी अंदाजाने टाकली तर ॲल्युमिनियम पाण्यात उरतं. मात्रा पाणी तपासूनच ठरवावी लागते. आणि तळाचा गाळ विहिरीजवळ ओतायचा नाही. पाण्यातून निघालेलं फ्लोराइड त्यातच असतं.

पण वाटीतल्या या दाताची खरी गंमत नावात आहे. दुधाचे दात. दूध पिण्याच्या वयातले म्हणून नाव पडलं असेल, पण नातं रक्ताचं निघालं. इनॅमलची प्रथिनं, दुधातली केसिनं आणि लाळेतलं स्टॅथरिन ही एकाच जनुककुळातली. माणसात बरेचसे जनुक चौथ्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी नांदतात. अमेलोजेनिन तेवढं एक्स आणि वायवर बिऱ्हाड करून आहे. घराण्याचा धंदा एकच, कॅल्शियम. एक भाऊ त्याचे स्फटिक करतो, दुसरा ते दुधात गोठू न देता बाळाच्या तोंडापर्यंत पोचवतो. केसिन नसतं तर दुधातलं कॅल्शियम आईच्या ग्रंथीतच दगड होऊन बसलं असतं.

संत्रं दोघांचं वैरी. सामू ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं, ४.६ च्या आसपास केसिन फाटतं. म्हणून बर्फीसाठी संत्र्याचा गर उकळत्या दुधात घालत नाहीत, खवा झाल्यावर घालतात. आणि संत्र्याचा रस प्यायल्यावर लगेच ब्रश नको. साध्या पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबावं.

इनॅमलची उठबस दाताबाहेरही असते. एफएएम-२०-ए हा जनुक बिघडला तर इनॅमल पातळ, दात हिरडीतच अडकलेले आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साचलेलं. दाताच्या डॉक्टरांनी किडनीची सोनोग्राफी लिहून दिली तर पेशंट चिठ्ठी उलटीपालटी करून बघतो, पण ती बरोबर असते. गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्या सिलिअॅक रोगात काहींच्या शरीराची प्रतिपिंडं इनॅमलच्या प्रथिनांवरच उलटतात. आणि ताडोबाकडच्या जंगलातल्या खवले मांजराला दातच नाहीत, तरी एनॅमेलिनचा मोडका जनुक अजून त्याच्या अंगात आहे. आपल्या माळ्यावर पाटा-वरवंटा असतो तसा.

दात अजून वाटीतच आहे. पालथा केला तर खालून पोकळ. मूळ शरीराने केव्हाच परत घेतलंय. कूलरच्या मागे खुडबुड ऐकू येते खरी. पाल असेल.