४००४ जोडताना
इंटेल ४००४ हा १९७१चा चार बिटी प्रोसेसर. पाय फक्त १६, म्हणून पत्ता आणि डेटा त्याच चार तारांवरून जातात: क्लॉकच्या आठ ठोक्यांत आधी पत्त्याचे तीन तुकडे, मग सूचनेचे दोन, उरलेले तीन ठोके प्रत्यक्ष कामाला. चार बिटांत दशमान अंक नेमका मावतो, कॅल्क्युलेटरला तेवढं पुरे. बेरजेनंतर डीएए (उत्तर दशमान अंकात बसवणारी) सूचना विसरलात तर मात्र ९च्या पुढे भलतंच दिसतं.

पुरवठा एकूण १५ व्होल्ट: व्हीएसएस या पायाला +५, व्हीडीडी या पायाला −१०. व्हीडीडी म्हणजे प्लस, ही हाताला लागलेली सवय इथे घात करते. रिसेट किमान ६४ क्लॉक ठोके धरून ठेवा. कॉल केलेल्या उपप्रोग्राममधून परतीचे पत्ते तीनच मावतात. चौथ्या कॉलला सर्वांत जुना गुपचूप पुसला जातो.